डिसेंबरातले ऊन जाऊन पाऊस: कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात नेमके काय घडते?

कातळावरून

हिवाळ्यात कोकणात पाऊस पडला की वर्तमानपत्रांत दोन बातम्या ठरलेल्या असतात. मुंबईकरांनी छत्र्या बाहेर काढल्याची एक आणि आंबा बागायतदार हवालदिल झाल्याची दुसरी. दोन्ही खऱ्या असतात. मात्र तो पाऊस आला कुठून आणि बागेत त्याने नेमके काय बिघडवले, हे त्यांत क्वचितच वाचायला मिळते. म्हणून हा धागा काढत आहे. माझी बाग देवगड तालुक्यात आहे, त्यामुळे मी आंब्याच्या अंगाने लिहीन. मासळी, मीठ, काजू, भाजीपाला यांविषयी ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी भर घालावी आणि हवामानाची बाजू जाणकारांनी सांभाळावी, अशी विनंती आहे.

आमच्याकडचा चांगला हिवाळा कसा असतो ते आधी सांगतो. ऑक्टोबरच्या उन्हाने जमिनीतली ओल आटते आणि झाडाला ताण बसतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून रात्री गार होऊ लागतात, पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा असा दिवसाचा क्रम बसतो, आणि आकाश आठवडेच्या आठवडे स्वच्छ राहते. रात्रीचे तापमान काही आठवडे 20 अंशांच्या खाली राहिले, की जून झालेल्या काड्यांच्या शेंड्यांवर बोंगे फुटून मोहोर बाहेर पडतो. कातळावर माती थोडी असल्याने ओल लवकर आटते. देवगडचा हापूस बाजारात लवकर दिसतो, त्यामागचे हे एक कारण आहे.

या क्रमात पाऊस शिरला, तर तो कोणत्या टप्प्यावर शिरला यावर सारे अवलंबून असते. मोहोर येण्यापूर्वी पाऊस झाला, तर झाडाचा ताण मोडतो आणि जिथे मोहोर यायचा तिथे लालसर कोवळी पालवी येते. ती पालवी जून होईपर्यंत त्या काडीवर मोहोराची आशा धरता येत नाही. मोहोर फुललेला असताना पाऊस झाला, तर परागकण धुऊन जातात, माश्या आणि मधमाश्या फिरकत नाहीत आणि ओलसर मोहोरावर करपा हा बुरशीचा रोग चढतो. हापूसच्या मोहोरात फळ धरू शकणारी संयुक्त फुले मुळातच कमी असतात, त्यामुळे ती गेली की भरपाई करणारे मागे काही उरत नाही. कणी, म्हणजे अगदी बारीक फळ, धरल्यानंतर पाऊस झाला, तर गळ होते आणि राहिलेल्या फळांवर डाग पडतात.

माझे म्हणणे इतकेच आहे, की पावसाचा आकडा हा नुकसानीचा आकडा नव्हे. एका रात्रीत मोठी सर येऊन दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडले, तर बागायतदार अनेकदा सावरतो. उलट, चार थेंब पडून पुढे आठवडाभर मळभ राहिले, रात्री उबदार झाल्या आणि सकाळी पानांवरून पाणी टपकत राहिले, तर तुडतुडे आणि बुरशी मिळून मोहोर काळा करून टाकतात. या दुसऱ्या प्रकारच्या हवामानाची नोंद मात्र कोणत्याच तक्त्यात ठळकपणे दिसत नाही. इतरांचा अनुभव काय आहे?

मेघवेध

उत्तम विषय. हवामानाची बाजू मांडण्याचा प्रयत्न करतो, थोडे लांबेल.

हिवाळ्यात कोकणात आकाश निरभ्र का असते, येथून सुरुवात करावी लागेल. अरबी समुद्र डिसेंबरातही थंड नसतो. मुंबई ते गोवा पट्ट्यात समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण 27 ते 28 अंश असते, म्हणजे बाष्पाला तोटा नसतो. उणीव असते ती हे बाष्प वर उचलणाऱ्या यंत्रणेची. या काळात भारतीय द्वीपकल्पाच्या बऱ्याच भागावर वातावरणाच्या वरच्या थरांतून हवा हळूहळू खाली उतरत असते. खाली उतरणारी हवा तापते आणि कोरडी होते. जमिनीलगतची ओलसर हवा तिच्याखाली झाकली जाते आणि वर चढून ढग बनवू शकत नाही. त्यात भर म्हणून उत्तर आणि ईशान्येकडून येणारे वारे जमिनीवरून आलेले, म्हणून कोरडे असतात. त्यामुळे हिवाळ्यात पाऊस येण्यासाठी हे झाकण बाहेरून कोणीतरी उघडावे लागते.

ते तीन दिशांनी उघडते असे म्हणता येईल. पहिली दिशा वायव्येची. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन परिसरातून निघणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे वातावरणातून पूर्वेकडे सरकणाऱ्या लाटा, हिवाळाभर उत्तर भारताकडे येतात; हिमालयातला बर्फ आणि पंजाबातल्या गव्हाला मिळणारा पाऊस त्यांच्यामुळेच असतो. सहसा त्यांचा प्रभाव कोकणापर्यंत पोहोचत नाही. पण वरच्या थरातली त्यांची द्रोणीय स्थिती (कमी दाबाचा लांबट पट्टा) कधी कधी दक्षिणेकडे खूप खोल उतरते, थेट मध्य अरबी समुद्रावर. अशा वेळी तिच्या पुढच्या अंगाला नैऋत्येकडून ओलसर हवा ओढली जाते आणि कोकणावर ढग जमतात.

दुसरी दिशा पूर्वेची. तमिळनाडूचा ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरातही चालू असतो. बंगालच्या उपसागरातून आलेली कमी दाबाची क्षेत्रे द्वीपकल्प ओलांडून केरळ आणि कर्नाटकाच्या किनाऱ्याजवळ अरबी समुद्रात उतरतात आणि तिथून उत्तरेकडे बाष्प ढकलतात. 2024 मध्ये फेंगल चक्रीवादळ 30 नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले आणि त्याचे अवशेष डिसेंबरच्या सुरुवातीला पश्चिम किनाऱ्याकडे पोहोचले. वादळ आदळले पूर्व किनाऱ्यावर आणि आभाळ भरले पश्चिम किनाऱ्यावर, असा तो प्रकार होता.

तिसरी दिशा खुद्द अरबी समुद्राची, म्हणजे तिथेच फिरणाऱ्या चक्रीवादळाची किंवा कमी दाबाच्या क्षेत्राची. डिसेंबर 2017 मधले ओखी हे त्याचे ठळक उदाहरण. कन्याकुमारी आणि लक्षद्वीप परिसरात हाहाकार माजवून ते उत्तरेकडे वळले आणि गुजरात किनाऱ्याजवळ विरून गेले. पण 4 आणि 5 डिसेंबरला मुंबईसह सारा कोकण भिजला आणि मुंबईतल्या शाळांना सुटी द्यावी लागली.

खरा गोंधळ होतो तो यांतल्या दोन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या की. 1 आणि 2 डिसेंबर 2021 चा पाऊस तसा होता. आग्नेय अरबी समुद्रात चक्राकार वाऱ्यांची स्थिती होती, त्याच वेळी वरच्या थरात पश्चिमेकडून खोल द्रोणीय स्थिती आली, आणि खालून बाष्प व वरून उचल असा योग जुळला. कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन्ही वेधशाळांत 24 तासांत सुमारे 90 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार 24 तासांत 64.5 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस म्हणजे जोरदार पाऊस. म्हणजे जुलैतही ज्याची दखल घेतली गेली असती, इतका पाऊस तिथे डिसेंबरात पडला, आणि तोही ज्या महिन्याची सरासरी अवघी काही मिलिमीटर आहे अशा महिन्यात.

कातळावरून, तुमच्या शेवटच्या मुद्द्याला मात्र आकडेवारीच्या बाजूने दुजोरा देतो. हवामान खाते ज्याला पावसाचा दिवस म्हणते, त्यासाठी किमान 2.5 मिलिमीटर पाऊस लागतो. दोन मिलिमीटर पाऊस होऊन मोहोर भिजला, तर तो दिवस त्या गणतीत येतच नाही. शिवाय खात्याच्या वर्गवारीत ऑक्टोबर ते डिसेंबर हा मॉन्सूनोत्तर हंगाम आणि जानेवारी-फेब्रुवारी हा हिवाळा. त्यामुळे डिसेंबरचा पाऊस ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाबरोबर एका बेरजेत जातो आणि जानेवारीचा वेगळ्या बेरजेत. बागायतदाराच्या दृष्टीने जो एक हंगाम आहे, तो तक्त्यांत दोन तुकड्यांत विभागला जातो. दैनंदिन नोंदी स्वतंत्रपणे पाहिल्याशिवाय त्यातून काही हाती लागत नाही.

अर्नाळकरीण

आंब्याबद्दल सगळे बोलतात, मासळीचे नाव शेवटी येते, म्हणून लगेच लिहिते.

आमच्याकडे आणि एकूणच पालघर ते उत्तन पट्ट्यात थंडीचे महिने हे बोंबील सुकवण्याचे महिने आहेत. ताज्या बोंबलाच्या वजनात 85 ते 90 टक्के पाणीच असते, म्हणून तो बर्फावाचून फार वेळ टिकत नाही आणि सुकवल्याशिवाय त्याला वर्षभराची किंमत येत नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवण्याच्या मांडवावर, टांगतात. कोरडा वारा आणि ऊन असेल तर तीन ते पाच दिवसांत माल तयार होतो. उन्हाइतकेच काम वारा करतो, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. जवळा तर जमिनीवरच पसरलेला असतो, त्यामुळे पाऊस आला की तो उचलायलाही वेळ मिळत नाही.

अर्ध्यावर सुकलेला बोंबील भिजला की संपला. पुन्हा ऊन पडले तरी तो पूर्वीसारखा होत नाही, त्याला वास येतो, रंग जातो आणि किडे पडतात. मग तो माल खतासाठी किंवा कोंबडीखाद्यासाठी मिळेल त्या भावाने द्यावा लागतो. ताडपत्री घालण्याचा सल्ला अनेकजण देतात, पण ताडपत्रीखाली दमट हवेत मासळी कोंडली, तर ती पावसाविनाही कुजते. मळभाचा जो मुद्दा वर आला आहे, तो आम्हाला तंतोतंत लागू पडतो.

नुकसानभरपाईचे विचाराल, तर शेतातल्या पिकाचा निदान पंचनामा होतो. वलांडीवरचा माल सातबाऱ्यावर दिसत नाही. तो बहुतेक ठिकाणी बायकांचा धंदा असतो, त्यात गुंतलेले पैसेही त्यांनीच उसने आणलेले असतात, आणि त्याची नोंद कुठेच नसते. ओखी आले तेव्हा 3 डिसेंबरला दत्तजयंतीची पौर्णिमा होती, समुद्राला आधीच उधाण होते आणि वादळाच्या लाटा त्यावर चढल्या. नुसता पाऊस असता तर वरून भिजले असते. त्या वेळी खालूनही पाणी आले.

जुना वेंगुर्लेकर

सर्व प्रतिसाद वाचले. माहिती चांगली आहे, पण एका गोष्टीबाबत सावध करावेसे वाटते. हिवाळ्यात पाऊस पूर्वी कधी पडतच नव्हता, असा सूर अशा चर्चांमध्ये हळूहळू लागतो, आणि तो बरोबर नाही. डिसेंबर-जानेवारीत आभाळ भरून आल्याचे आणि मोहोर जळाल्याचे आमच्या वडिलांच्या पिढीतले लोकही सांगत असत. फरक असा आहे, की तेव्हा बागा थोड्या होत्या, कल्टार हे मोहोर लवकर आणणारे औषध नव्हते, आणि मार्चच्या सुरुवातीला पेटी वाशीला पोहोचलीच पाहिजे, अशी शर्यत नव्हती. आज जुलै-ऑगस्टमध्ये कल्टार घालून मोहोर लवकर आणण्याचा प्रयत्न केला जातो, म्हणजे सर्वाधिक भाव देणारा मोहोर डिसेंबरातल्या धोक्याच्या दिवसांपुढे आपण स्वतःच आणून ठेवतो. हवामान बदलले असेल; त्याच्यापुढे आपण काय मांडून ठेवतो, तेही बदलले आहे.

आठवण हे काही पर्जन्यमापक यंत्र नव्हे. प्रत्येकाला शेवटचे वाईट वर्ष सर्वांत जास्त आठवते.

मोहोर

वेंगुर्लेकरकाका, कल्टारबद्दलचे तुमचे निरीक्षण योग्य आहे, पण ते अर्धे आहे असे नम्रपणे सुचवतो. मी दापोलीला कृषीचे शिक्षण घेतले आहे आणि सध्या राजापूर भागातल्या बागांचे काम पाहतो. कल्टार घालणे धोक्याचे असेल, तर न घालणेही आता सुरक्षित राहिलेले नाही, कारण हंगामाची दोन्ही टोके सरकत आहेत. 2019 चे उदाहरण घ्या. त्या वर्षी देशातून मॉन्सूनची माघार 9 ऑक्टोबरला सुरू झाली, ही आजवरच्या नोंदींतली सर्वांत उशिराची तारीख होती. त्यानंतर अरबी समुद्रात क्यार आणि महा ही दोन चक्रीवादळे लागोपाठ आली. जमीन नोव्हेंबरातही ओली होती. ताण बसलाच नाही, म्हणून मोहोर लांबला, आणि लांबलेला मोहोर पुढे मार्चच्या उन्हात सापडतो. हवामान खात्यानेही 2020 मध्ये सामान्य तारखांची फेरमांडणी केली, तेव्हा मुंबईतून मॉन्सून परतण्याची तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर नेली. आठवणींवर विसंबायचे नसेल, तर हा बदल तरी नोंदींवर आधारलेला आहे.

आता पावसाने दुसऱ्या पद्धतीने होणाऱ्या नुकसानीविषयी, जे वर आलेले नाही. पाऊस देऊन गेलेल्या पश्चिमी विक्षोभाच्या मागोमाग उत्तरेची थंड हवा उतरते आणि रात्रीचे तापमान एकदम घसरते. ज्या काड्यांवर आधीच मोहोर येऊन कणी धरलेली आहे, त्याच काड्यांवर या थंडीमुळे पुन्हा मोहोर येतो. नव्या मोहोराकडे अन्नरस वळतो आणि आधीची वाटाण्याएवढी फळे गळून पडतात. बागायतदाराला बाग मोहोराने भरलेली दिसते आणि प्रत्यक्षात हातातले पीक निघून जात असते. हे टाळण्यासाठी डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50 भाग) जिबरेलिक आम्लाच्या फवारणीची शिफारस आहे. ती पहिल्या मोहोराच्या पूर्ण फुलोऱ्यात आणि नंतर फळे मोहरीएवढी असताना करायची असते. उशिरा केली तर उपयोग होत नाही, त्यामुळे थंडी पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा थंडीच्या अंदाजावर लक्ष ठेवावे लागते.

करप्यासाठी आणि भुरीसाठी एकच औषध चालत नाही, हेही येथे नोंदवतो. पाऊस आणि साचलेली ओल करप्याला पोषक. भुरीला मात्र प्रत्यक्ष पाऊस लागत नाही, गार रात्री आणि दमट हवा तिला पुरते. पाऊस झाला म्हणून नुसते करप्याचे औषध मारले आणि चार दिवसांनी मोहोरावर पांढरी भुकटी दिसली, अशा बागा दरवर्षी दिसतात. औषध कोणते आणि किती, हे विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या वेळापत्रकावरूनच ठरवावे, कारण निर्यातीसाठी चालणाऱ्या औषधांची यादी बदलत असते. येथे प्रमाणे लिहिण्याचे म्हणूनच टाळतो.

पेडणे गोवा

काजूची बाजू थोडक्यात. आमच्याकडे आणि शेजारच्या दोडामार्ग, सावंतवाडी भागात काजूचा मोहोर साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी असतो. त्याचा मोठा शत्रू ढेकण्या. तो कोवळ्या शेंड्यांतून आणि मोहोरातून रस शोषतो आणि मोहोर जळाल्यासारखा वाळतो. मळभाच्या दिवसांत त्याचे फावते. आंब्याला निदान फवारणी करणारे लोक आहेत. डोंगरउतारावरच्या काजूपर्यंत पाणी आणि पंप नेणेच अनेकांना परवडत नाही, म्हणून तिथे हवामान जे देईल ते घ्यायचे, असा प्रकार असतो.

पाऊस झाल्याने फायदाही होतो, हे सांगितले पाहिजे. वायंगणी भात आणि मिरचीच्या मळ्यांना डिसेंबरातली एखादी हलकी सर पाण्याची एक पाळी वाचवते. कुळीथ आणि चवळी यांच्याबाबतीत मात्र फुलोरा आला असेल तर तोच पाऊस नकोसा होतो.

उरणचा आगरी

मिठागराबद्दल कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. उरण, पेण, वसई, भांडुप आणि तिकडे शिरोडा. जिथे जिथे मिठागरे आहेत किंवा होती, तिथे पावसाळा संपल्यावर बांध दुरुस्त करून, गाळ काढून, जमीन चोपून तयार करायची आणि डिसेंबर-जानेवारीपासून पाणी चढवायचे, असा क्रम आहे. समुद्राचे पाणी एका खाचरातून पुढच्या खाचरात नेत नेत उन्हावर दाट करतात. समुद्राच्या पाण्याची घनता बोमे मापावर साधारण 3 ते 3.5 अंश असते आणि मीठ धरू लागते ते सुमारे 25 अंशांवर. त्या दोन आकड्यांमध्ये जे काही आहे ती सारी उन्हाची आणि वाऱ्याची मजुरी आहे, आणि एका सरीने ती मागे जाते.

तरीही पूर्ण नुकसान होतेच असे नाही. पावसाचे गोडे पाणी हलके असते आणि वाऱ्याने ढवळले गेले नाही, तर काही काळ ते दाट खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. लगेच हात लावून वरचे पाणी काढून टाकले तर खालचे वाचते. रात्री पाऊस झाला आणि सकाळपर्यंत कोणी फिरकले नाही, किंवा पावसाबरोबर सोसाट्याचा वारा असला, तर सगळे एक होऊन जाते. चोपलेली जमीन भिजून मऊ झाली की ती पुन्हा चोपावी लागते, हा खर्च वेगळा. हंगामाच्या सुरुवातीचा पाऊस परवडतो. मार्चमधला परवडत नाही, कारण तेव्हा मीठ पिकलेले असते.

अश्दोदहून

मी मूळ अलिबाग तालुक्यातला, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबातला. सध्या इस्रायलच्या किनाऱ्यावर राहतो. मेघवेध यांचा प्रतिसाद वाचताना मौज वाटली, कारण तुम्ही ज्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणता, त्यांची जन्मभूमी आमच्या दारातला समुद्र आहे. इथे सारा पाऊस हिवाळ्यातच पडतो आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा असतो. डिसेंबर-जानेवारीत पाऊस झाला नाही, तर इथले लोक काळजीत पडतात. आमच्याकडे मुसळधार झाली की काही दिवसांनी तिकडे काश्मीरात बर्फ पडल्याची बातमी येते का, हे पाहण्याची मला सवयच लागली आहे. प्रत्येक वेळी जुळते असे नाही.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला अशा पावसाचा त्रास होतो का, हे कोणी सांगू शकेल का? आमच्या आत्याच्या शेतात तो असे, पण त्या गोष्टी मी लहानपणी पाहिल्या आहेत.

मेघवेध

अश्दोदहून, प्रत्येक वेळी जुळत नाही, कारण तुमच्याकडचा सगळा पाऊस एकाच आखलेल्या वाटेने इकडे येत नाही. पूर्वेकडे सरकते ती वरच्या थरातली लाट. जमिनीलगतचे कमी दाबाचे क्षेत्र वाटेत विरते, बदलते, इराण-अफगाणिस्तानच्या डोंगरांवरून येताना नव्याने बाळसे धरते.

या लाटेबरोबर पाऊस सोडून काय येऊ शकते, त्याचे जानेवारी 2022 मधले उदाहरण कदाचित अनेकांना आठवत असेल. 22 आणि 23 जानेवारीला मुंबईत आधी पावसाचा शिडकावा झाला आणि पाठोपाठ पाकिस्तान आणि राजस्थानकडची धूळ वाऱ्याबरोबर थेट कोकणात उतरली. गाड्यांवर पांढरट थर बसला, दृश्यमानता घटली, आणि दिवसाचे तापमान भर दुपारी इतके खाली राहिले, की मुंबईकरांना स्वेटर घालण्याची संधी मिळाली. पश्चिमी विक्षोभामागून आलेल्या जोरदार वाऱ्यांचे ते काम होते.

आता जुना वेंगुर्लेकर यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे येतो. हिवाळी पाऊस वाढला आहे का? अरबी समुद्र तापत आहे, याविषयी शंका नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढली. हा आकडा मोठा आहे, पण तो चक्रीवादळांचा आहे, आणि ती प्रामुख्याने मॉन्सूनच्या आधी आणि नंतर येतात. जानेवारीतल्या दोन दिवसांच्या मळभाला हा आकडा चिकटवणे योग्य होणार नाही. तापलेल्या समुद्रावरची हवा अधिक बाष्प धरते, म्हणून झाकण उघडलेच तर पडणारा पाऊस अधिक असू शकतो, इथपर्यंत भौतिकशास्त्र आपल्या बाजूने आहे. झाकण पूर्वीपेक्षा अधिक वेळा उघडते का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तिन्ही वाटांसाठी वेगवेगळे तपासावे लागेल. सगळ्या अवकाळी पावसाला एकच कारण देणारे लेख म्हणूनच मला पटत नाहीत.

जैतापूरकर

विम्याचा विषय काढल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत बागेत जाऊन नुकसान मोजत नाहीत. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ठरलेल्या काळात ठरलेल्या मर्यादेपलीकडे पाऊस, तापमान किंवा वारा नोंदला गेला, तर भरपाई लागू होते. कल्पना वाईट नाही, त्यामुळे पंचनाम्याची वाट पाहावी लागत नाही. परंतु कोकणात एक डोंगर ओलांडला की पाऊस बदलतो. केंद्र खाडीच्या एका बाजूला आणि बाग दुसऱ्या बाजूच्या सड्यावर असेल, तर बाग भिजते आणि केंद्र कोरडे राहते. माझ्या बाबतीत असे घडले आहे. विमा कंपनीकडे दाद मागितली, तेव्हा केंद्राची नोंद हाच पुरावा असल्याचे उत्तर मिळाले, आणि नियमानुसार ते चूकही नव्हते.

मुख्य अडचण मात्र धागाकर्त्याने पहिल्याच लेखनात मांडली आहे. अवेळी पाऊस, तापमान, वेगवान वारा हे धोके योजनेत धरले जातात. मळभाला त्यात स्वतंत्र जागा नाही. सूर्यप्रकाशाचे तास आणि पाने किती वेळ ओली राहिली, या दोन्ही गोष्टी मोजणारी उपकरणे असतात. द्राक्षवाले ती वापरतात. आंब्यासाठी त्यांचा विचार व्हायला हवा.

कातळावरून

सर्वांचे मनापासून आभार. अर्नाळकरीणताई, तुमचा वाऱ्याबद्दलचा मुद्दा आम्हालाही लागू आहे. दाट वाढलेल्या बागेत वारा खेळत नाही, म्हणून त्याच पावसात विरळणी केलेल्या बागेतला मोहोर दुपारपर्यंत सुकतो आणि दाट बागेतला संध्याकाळपर्यंत ओला राहतो. पाऊस आपल्या हातात नाही, पण जूनआधी मधल्या फांद्या काढून झाडाच्या पोटात ऊन पोहोचवणे हातात आहे, आणि माझ्या मते एखाद्या फवारणीइतकाच त्याचा उपयोग होतो. पाऊस थांबल्याबरोबर मोहोर हलवून पाणी झाडण्याची जुनी पद्धतही लहान झाडांवर अजून चालते.

वेंगुर्लेकरकाका, कल्टारविषयी तुमच्याशी निम्मा सहमत आहे. माझ्याकडे सगळ्या झाडांना ते घालत नाही. बागेचा एक भाग लवकर आणि एक भाग नैसर्गिक ओघाने मोहोरू दिला, तर एका पावसात सगळे पीक सापडत नाही. भाव कमी मिळतो, हे मान्य.

जैतापूरकर, पाने ओली राहण्याचा कालावधी मोजणाऱ्या उपकरणाची साधारण किंमत आणि ते कुठे बसवले, याची माहिती कोणा द्राक्ष बागायतदाराकडून मिळाली तर कृपया इथे द्या. आमच्या वाडीतले काही जण मिळून एक घेता येईल का, ते पाहतो.

मोहोर

अश्दोदहून यांच्या कांद्याच्या प्रश्नाला उत्तर राहून गेले. अलिबागचा पांढरा कांदा भातकापणीनंतर लावतात आणि तो साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतो. डिसेंबरातल्या पावसाने रोपे पिवळी पडतात आणि पातीवर करपा येतो, पण पाण्याचा निचरा चांगला असेल तर पीक सावरते. काढणीच्या वेळचा पाऊस अधिक वाईट. हा कांदा पातीसकट वेणीत गुंफून, माळा करून विकतात. पात भिजून कुजली, तर कांदा चांगला असूनही माळ बांधता येत नाही आणि सुट्या कांद्याला माळेचा भाव मिळत नाही.